पाणउताऱ्याचे इंग्रजी

महाडजवळच्या बिरवाडी परिसरातील औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने रसायनांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या पाळ्यांमध्ये एकच एक भाषा चालत नाही. रिॲक्टरजवळ उभा असलेला ऑपरेटर महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून आलेला असतो आणि मराठी बोलतो, ठेकेदाराकडचे कामगार पुष्कळदा हिंदी बोलतात आणि शिफ्ट इनचार्ज दोन्ही भाषांत काम भागवतो; परंतु जे कागदावर उतरते, मग ते लॉगबुक असो, मेमो असो वा मनुष्यबळ विभागाकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एचआर’कडे, जाणारा तक्रारअर्ज असो, ते बहुतेक वेळा इंग्रजीत उतरते. पोलादपूरहून मुंबई, ठाणे किंवा पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या चाकरमान्याचीही हीच स्थिती असते. अपमान होतो तो मराठीत किंवा हिंदीत, त्याची दाद मागायची ती इंग्रजीत, आणि या दोहोंच्या मधल्या प्रवासात घडलेल्या गोष्टीचा बराच भाग गळून पडतो.

काय गळते हे अर्जातले पहिलेच वाक्य पाहिले की कळते. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते आणि त्याआधीच्या पिढ्यांनी ते पाचवीपासून किंवा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून शिकले. तरीही उद्धट वागणुकीविषयी लिहायची वेळ आली की यातल्या बहुतेकांच्या हाती एकच विशेषण उरते, ते म्हणजे ‘रूड’. ‘ही वॉज रूड टू मी’, म्हणजे तो माझ्याशी उद्धटपणे वागला. हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण त्यात घटना नाही, केवळ घटनेवरचा अभिप्राय आहे. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही: वरिष्ठ ओरडला, की बोलणे अर्ध्यावर तोडले, की ऐकूनच घेतले नाही, की चार जणांसमोर अक्कल काढली, की आठवडाभर बोलणेच टाकले? या प्रत्येक कृतीला मराठीत स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. इंग्रजीतही आहे, परंतु तो शाळेतल्या शब्दसंग्रहात क्वचितच सापडतो, कारण तो ‘फ्रेझल व्हर्ब’ या नावाच्या, मराठी विद्यार्थ्याला कायम परक्या वाटणाऱ्या वर्गात मोडतो.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे एखादे साधे, बहुधा एक-दोन अक्षरांचे क्रियापद आणि त्याला जोडून येणारा ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’, ‘इन’, ‘आउट’ यांसारखा छोटा दिशादर्शक शब्द, यांचा असा संयोग की ज्याचा एकत्रित अर्थ दोन सुट्या शब्दांच्या बेरजेतून हमखास काढता येत नाही. या छोट्या शब्दाला इंग्रजी व्याकरणकार ‘पार्टिकल’ म्हणतात; मराठीत त्याला अव्यय म्हटले तरी चालेल, कारण तो कधी बदलत नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘डाउन’ म्हणजे खाली, पण ‘पुट समबडी डाउन’ म्हणजे एखाद्याला कमी लेखणारे बोलणे. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच परकीयांना सर्वांत जड जाणारा भाग म्हणून अशा संयोगांकडे बोट दाखवले होते, तर ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाली.

मराठी शिकणाऱ्याला मात्र ही रचना वाटते तितकी परकी नाही, आणि शिकवताना नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते. मराठी व्याकरणात धातुसाधित आणि सहायक क्रियापद यांच्या संयोगातून एकाच क्रियेचा बोध होत असेल तर त्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. ‘त्याने अर्ज उडवून लावला’ या वाक्यात उडवणे आणि लावणे अशा दोन क्रिया नाहीत; एकच क्रिया आहे, आणि ती ‘उडवणे’ या शब्दाच्या कोशातल्या मूळ अर्थावरून ओळखता येत नाही. ‘धुडकावून लावणे’, ‘झटकून टाकणे’, ‘हाणून पाडणे’, ‘घालून पाडून बोलणे’ या सगळ्यांत मराठी माणूस तेच करतो जे इंग्रज माणूस ‘ब्रश ऑफ’ किंवा ‘शूट डाउन’ म्हणताना करतो: हाताने केल्या जाणाऱ्या ढोबळ क्रियेचे चित्र उचलून तो ते माणसामाणसांतल्या वागणुकीवर बसवतो. अंगावरची धूळ झटकावी तशी कुणाची विनंती झटकून टाकली तर इंग्रजीत ‘ही ब्रश्ड मी ऑफ’ होते. बैठकीत मांडलेली सूचना आकाशातल्या पाखरासारखी खाली पाडली तर ‘दे शॉट डाउन माय सजेशन’, आणि मराठीत ती हाणून पाडली. या जोड्या भाषांतराने तयार झालेल्या नाहीत. दोन्ही भाषा आपापल्या वाटेने एकाच चित्रापाशी पोहोचल्या आहेत.

म्हणून या क्रियापदांची वर्णानुक्रमाची यादी पाठ करण्यापेक्षा त्यांतल्या दिशा समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. उद्धटपणा म्हणजे एका माणसाने दुसऱ्याची जागा हलवणे होय, आणि अव्यय ती जागा कोणत्या बाजूला हलवली हे सांगते.

सर्वांत भरलेली दिशा खालची आहे. ‘पुट डाउन’ वर आलेच आहे. ‘टॉक डाउन टू’ म्हणजे समोरच्याला कमी समजते असे धरून वरच्या पायरीवरून बोलणे. यात आवाज चढलेला नसतो, शब्दही वाईट नसतात, तरीही आपल्याला लहान मुलासारखे वागवले गेल्याचे ऐकणाऱ्याला कळते. ‘शाउट डाउन’ म्हणजे आरडाओरडा करून दुसऱ्याला बोलूच न देणे, आवाजाने दडपून टाकणे. ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे हलके समजणे, आणि ही कृतीपेक्षा वृत्ती असल्याने तक्रारीत तिचा उपयोग कमी आहे. या सर्वांच्या जवळ जाणारा मराठी शब्द म्हणजे पाणउतारा. त्यातले पाणी म्हणजे माणसाचे तेज, जसे मोत्याचे किंवा तलवारीचे पाणी असते तसे, आणि ते उतरवणे म्हणजे चारचौघांत त्या माणसाची चमक खाली आणणे. इंग्रजी ‘डाउन’ आणि मराठी ‘उतारा’ येथे एकमेकांसमोर येऊन उभे राहतात.

‘ओव्हर’ची दिशा वरून जाण्याची आहे. ‘टॉक ओव्हर समबडी’ म्हणजे दुसरा बोलत असताना त्याच्या बोलण्यावर आपले बोलणे चढवणे. बैठकीत स्त्रियांना आणि नव्या उमेदवारांना याचा अनुभव फार येतो. ‘वॉक ऑल ओव्हर समबडी’ म्हणजे एखाद्याच्या सौम्यपणाचा फायदा घेऊन त्याला तुडवून पुढे जाणे. ‘इन’ ही घुसण्याची दिशा आहे: ‘कट इन’ आणि ‘बट इन’ म्हणजे मध्येच तोंड घालणे, ‘बार्ज इन’ म्हणजे दार न वाजवता आत शिरणे. ‘ऑफ’ दूर लोटते. ‘कट समबडी ऑफ’ म्हणजे बोलणे तोडणे, आणि ‘कट इन’पेक्षा ते कठोर आहे, कारण मध्ये तोंड घातले तरी पहिला माणूस बोलत राहू शकतो, तोडल्यावर मात्र त्याचे बोलणे संपते. ‘फॉब समबडी ऑफ’ हा ब्रिटिश प्रयोग आहे आणि त्याला मराठीत ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ असा चपखल प्रतिशब्द तयारच आहे: थातुरमातुर कारण सांगून माणसाला वाटेला लावणे. रजेचा अर्ज घेऊन तीन वेळा गेलेल्या कामगाराला तिन्ही वेळा ‘उद्या बघू’ सांगितले गेले तर ते ‘रूड’ नव्हे, ‘फॉब ऑफ’ आहे. तक्रारीत असे लिहिले की वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न, म्हणजे किती वेळा आणि कोणत्या तारखांना हा, आपोआप सुचतो.

‘आउट’ आणि ‘अराउंड’ यांचे काम थोडक्यात सांगता येते. ‘फ्रीझ आउट’ किंवा ‘लीव्ह आउट’ म्हणजे चहाच्या घोळक्यातून, कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून किंवा निर्णयातून एखाद्याला गुपचूप बाहेर ठेवणे. ‘लॅश आउट’ म्हणजे संतापाने एकदम तोंड सोडणे. ‘ऑर्डर अराउंड’, ‘बॉस अराउंड’, ‘पुश अराउंड’ या तिन्हींत माणसाला उगाच इकडून तिकडे नाचवण्याचे चित्र आहे. ‘ऑन’मध्ये ओझे अंगावर येते: ‘पिक ऑन’ म्हणजे अनेकांतून एकालाच धरून सतत छळणे, ‘गँग अप ऑन’ म्हणजे टोळी करून एकावर तुटून पडणे, आणि ‘हँग अप ऑन’ म्हणजे समोरचा बोलत असतानाच फोन ठेवून देणे.

‘बॅक’ या अव्ययाकडे मात्र थांबून पाहावे लागते. ‘आन्सर बॅक’ किंवा ‘टॉक बॅक’ म्हणजे उलट उत्तर देणे, आणि दोन्ही भाषांत हा आरोप केवळ खालून वर जाणाऱ्या बोलण्यावर होतो. वरिष्ठाने कनिष्ठाला तोडून उत्तर दिले तर त्याला कुणी उलट बोलणे म्हणत नाही. कामगाराने सुरक्षेविषयी साधा प्रश्न विचारला तरी त्यावर हा शिक्का बसू शकतो. कारखान्यातल्या शिस्तीचे नियम ज्यांवर उभे राहिले त्या १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील नमुना आदेशांत हेतुपुरस्सर अवज्ञा हे गैरवर्तन मानले होते, आणि मेमोमध्ये ‘ही आन्सर्ड बॅक’ असे लिहिले गेले की घटना त्या दिशेने झुकू लागते. ज्याला हा प्रयोग कळत नाही तो अशा मेमोवर सही करून मोकळा होतो. ज्याला कळतो तो खुलाशात लिहू शकतो की त्याने उलट उत्तर दिले नाही, त्याने धोका नजरेस आणून दिला, म्हणजेच ‘ही पॉइंटेड आउट द रिस्क’. दोन्ही वाक्यांत कामगाराने उच्चारलेले शब्द तेच असतील, पण एका अव्ययाने तो उद्धट ठरतो आणि दुसऱ्याने जबाबदार.

मराठीतल्या उद्धटपणाचा सर्वांत मोठा भाग मात्र इंग्रजीत थेट नेताच येत नाही, आणि तो म्हणजे एकेरी. इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम मालकालाही चालते आणि शिपायालाही. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यात माणसाची सारी पत मांडलेली असते. पन्नाशीतल्या ऑपरेटरला पंचविशीतला इंजिनियर ‘अरे ए, इकडे ये’ म्हणतो तेव्हा त्या वाक्यात एकही अपशब्द नसतो, आणि ते इंग्रजीत ‘कम हिअर’ असे लिहिले तर त्यात तक्रार करण्यासारखे काही उरतच नाही. त्याच ऑपरेटरला गावात सगळे ‘काका’ किंवा नावापुढे ‘दादा’ लावून हाक मारतात, हे अर्ज वाचणाऱ्याला ठाऊक नसते. उलट बाजूने पाहिले तर कोकणातल्या घराघरांत आईला, आजीला आणि जिवलग मित्राला ‘तू’च म्हटले जाते, त्यामुळे एकेरी म्हणजे अपमान असा सरसकट नियमही सांगता येत नाही, अपमान असतो तो एकेरीवर येण्यात, म्हणजे जिथे अहो-जाहो अपेक्षित आहे तिथून खाली उतरण्यात. ही उतरण इंग्रजीत सांगायला ‘टॉक डाउन टू’ हाच जवळचा प्रयोग आहे, परंतु तो एकटा पुरत नाही. मराठी शब्द जसाचा तसा ठेवून त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात सांगावा लागतो: ‘ही टॉक्स डाउन टू द सीनिअर ऑपरेटर्स, ही कॉल्स देम तू, द फॉर्म यूज्ड फॉर चिल्ड्रन.’ असे लिहिणे हे इंग्रजीचे अपुरेपण झाकणे नव्हे. न्यायालयीन कागदपत्रांतही शिवीगाळीचे शब्द मूळ भाषेत नोंदवण्याची पद्धत आहे, कारण अपमान भाषेच्या ज्या जागी झाला ती जागा दाखवल्याखेरीज तो सिद्ध करता येत नाही.

दुसरी अडचण नेमकी याच्या उलट आहे: शब्द इंग्रजी असतो, पण अर्थ इथलाच. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या कचेऱ्यांत ‘साहेबांनी फायरिंग केली’ किंवा ‘बॉसने फायर केले’ याचा अर्थ झापले, खरडपट्टी काढली, एवढाच होतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या इंग्रजीत मात्र ‘माय बॉस फायर्ड मी’ म्हणजे नोकरीवरून काढून टाकले. परदेशी कंपनीच्या ग्राहकाला किंवा दुसऱ्या देशातल्या वरिष्ठाला असे वाक्य लिहिले तर तो कामगार अजून नोकरीवर कसा, हाच प्रश्न त्याला पडेल. येथे हवा असतो ‘टेल ऑफ’: ‘ही टोल्ड मी ऑफ’, त्याने मला झापले. त्यातही एक बारकावा आहे. ‘टेल ऑफ’मध्ये झापणाऱ्याचा झापण्याचा अधिकार आणि झापून घेणाऱ्याची काहीतरी चूक, या दोन्ही गोष्टी थोड्याफार गृहीत असतात, जशा शिक्षकाने मुलाला रागावण्यात असतात. चूक मुळीच नव्हती असे म्हणायचे असेल तर ‘लॅश आउट ॲट’ किंवा ‘स्नॅप ॲट’, म्हणजे वसकन अंगावर येणे, हे अधिक प्रामाणिक ठरते. ‘ड्रेस डाउन’ हा प्रयोगही फसवा आहे: कर्मासह तो ‘एखाद्याची कडक हजेरी घेणे’ होतो, कर्माशिवाय तो ‘साधे कपडे घालून येणे’ होतो. ‘शो अप’चेही तसेच, ‘ही शोड अप’ म्हणजे तो हजर झाला, पण ‘ही शोड मी अप’ म्हणजे त्याने मला सर्वांसमोर तोंडघशी पाडले.

या शेवटच्या उदाहरणात व्याकरणाचा तो नियम दिसतो ज्यावर मराठी विद्यार्थी हमखास अडखळतो. काही फ्रेझल व्हर्ब्स फुटतात आणि काही फुटत नाहीत. जी फुटतात त्यांत ‘मी’, ‘हिम’, ‘अस’ यांसारखे सर्वनाम क्रियापद आणि अव्यय यांच्या मध्येच बसते: ‘ही पुट मी डाउन’ बरोबर, ‘ही पुट डाउन मी’ चूक. नाम असेल तर ते दोन्हीकडे चालते, म्हणजे ‘पुट द हेल्पर डाउन’ही चालेल आणि ‘पुट डाउन द हेल्पर’ही, सर्वनामाला मात्र मधलीच जागा. जी फुटत नाहीत त्यांत कर्म नेहमी शेवटी येते: ‘दे पिक ऑन मी’, ‘शी हंग अप ऑन मी’, ‘ही टॉक्स डाउन टू अस’. ओळखण्याची एक खूण कानाला सापडते. फुटणाऱ्या क्रियापदांत बोलताना आघात अव्ययावर पडतो आणि ‘पुट मी डाउन’मधला ‘डाउन’ ठसठशीत ऐकू येतो, तर ‘पिक ऑन मी’मध्ये ‘पिक’ जोरात आणि ‘ऑन’ दबलेला असतो. ही खूण तीन शब्दी प्रयोगांना तशीच्या तशी लागू पडत नाही, परंतु मराठीत शब्दाघाताने अर्थ सहसा बदलत नसल्याने इकडे लक्षच जात नाही, आणि या फरकाकडे कान देऊन दोन-चार दिवस मोठ्याने वाक्ये म्हटली तर नियम पाठ न करताही जागा बसू लागते.

हे सर्व एका अर्जात कसे उतरते ते पाहू. समजा, रात्रपाळी संपून सकाळची पाळी सुरू होताना ऑपरेटर रिॲक्टरच्या तापमानातला चढउतार सांगू लागतो. नवा इनचार्ज त्याचे बोलणे तोडतो, ‘तुला काय कळतंय’ म्हणतो, हेल्पर आणि केमिस्ट ऐकत असतात, आणि लॉगबुकात ती नोंद होतच नाही. घरी येऊन तो इंग्रजीत लिहितो: इनचार्ज माझ्याशी फार रूड वागले आणि मला मानसिक त्रास दिला. या अर्जाला उत्तर देणे विभागाला फार सोपे आहे, कारण त्यात नाकारण्याजोगी घटनाच नाही. आता तीच हकीकत अशी लिहिली की, ‘व्हाइल आय वॉज रिपोर्टिंग द टेम्परेचर, ही कट मी ऑफ, ही पुट मी डाउन इन फ्रंट ऑफ द केमिस्ट अँड टू हेल्पर्स, व्हेन आय आस्क्ड हिम टू एंटर द रीडिंग, ही ब्रश्ड मी ऑफ’, तर तीन क्रियापदांतून तीन स्वतंत्र गोष्टी उभ्या राहतात. बोलणे तोडले, हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. साक्षीदारांसमोर कमी लेखले, हा वागणुकीचा. आकडा नोंदवायला नकार दिला, हा सुरक्षेचा, आणि रासायनिक कारखान्यात तो पहिल्या दोहोंइतकाच गंभीर आहे. भोवती तारीख, वेळ आणि तोंडून निघालेले मूळ मराठी शब्द दिले की अर्ज पूर्ण होतो. औपचारिक लेखनात ‘कट ऑफ’ऐवजी ‘इंटरप्ट’सारखा लॅटिन घराण्यातला शब्द वापरावा असे सुचवले जाते, आणि ते काही अंशी योग्यही आहे, ‘बॉस अराउंड’ किंवा ‘बट इन’ हे बोलीतलेच प्रयोग असून ते अर्जात शोभणार नाहीत. परंतु ‘ह्युमिलिएट’ लिहिले की वाचणारा परिणामाविषयी वाद घालू लागतो, ‘पुट मी डाउन’ लिहून पुढे उच्चारलेले शब्द दिले की वाद त्या शब्दांविषयीच होऊ शकतो. चौकशीत तोंडी जबाब देताना तर साधी क्रियापदेच सोयीची, कारण उलटतपासणीत माणूस अवघड शब्दावर अडकतो.

कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक उद्धटपणा हा गुन्हा नसतो. संशोधनात ज्याला कामाच्या ठिकाणची असभ्यता म्हणतात, त्याची १९९९ मध्ये लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन यांनी केलेली व्याख्याच अशी आहे की वागणूक सौम्य तीव्रतेची असते आणि इजा करण्याचा हेतू स्पष्ट नसतो. पण काही वागणूक त्या रेषेपलीकडे जाते, आणि तिथे नेमके वर्णन निर्णायक ठरते. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते; महामार्गावरच्या पोलादपूरजवळच्या एखाद्या लहान हॉटेलात, जिथे दहाही माणसे नाहीत, तिथली स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते, आणि तिला लेखी तक्रार करता येत नसेल तर ती लिहिण्यासाठी मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. ही तक्रार मराठीत करता येते, आणि जिथे करता येते तिथे ती मराठीतच करावी. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झाला असला पाहिजे अशी अट आहे. म्हणजे ‘इन फ्रंट ऑफ’ हे तीन शब्द अर्जात असणे आणि नसणे यांत मोठा फरक पडतो.

महाडला याची जाण इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त असायला हवी. मुंबई कायदेमंडळातल्या सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले होते, तरीही प्रत्यक्षात अस्पृश्यांना त्या पाण्याला शिवता येत नव्हते, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक ते पाणी प्यायले. नंतर सवर्ण वादींनी तळ्याबाबत मनाई मागणारा दावा लावला आणि सगळा वाद इंग्रजी कागदपत्रांच्या जगात गेला. तिथे तो अखेरीस एका शब्दप्रयोगावर येऊन ठेपला: अस्पृश्यांना दूर ठेवण्याची ‘अनादी काळापासूनची रूढी’ वादींना सिद्ध करता आली का? मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ती सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. माणसांचे पाणी उतरवण्याच्या त्या जुन्या व्यवस्थेला ‘वाईट’ किंवा ‘अन्यायी’ म्हणून कोर्टात हरवले गेले नाही. ती अमुक काळापासून, अमुक रीतीने चालत आली होती काय, असा नेमका प्रश्न विचारून हरवले गेले.

किती फ्रेझल व्हर्ब्स शिकावी लागतात हा प्रश्न भीती घालतो, पण उत्तर दिलासा देणारे आहे. गार्डनर आणि डेव्हिस या अभ्यासकांनी २००७ मध्ये दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसचा, म्हणजे लिखित आणि बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या मोठ्या संग्रहाचा अभ्यास केला तेव्हा आढळले की सर्वाधिक वापरातली शंभर फ्रेझल व्हर्ब्सच एकूण वापराच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापतात. त्याच अभ्यासात एकेकाचे सरासरी पाचाहून अधिक अर्थ निघाले, त्यामुळे संख्येने वाचलेले श्रम अर्थांवर खर्च करावे लागतात. कामावरच्या वागणुकीपुरते पाहिले तर वर आलेली पंचवीस-तीस पुरेशी आहेत. त्यांच्यापुढे मराठी अर्थ लिहिण्याऐवजी मराठी प्रयोग लिहावा: ‘फॉब ऑफ’पुढे ‘टाळणे’ नव्हे, ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’, ‘स्नॅप ॲट’पुढे ‘रागावणे’ नव्हे, ‘वसकन अंगावर येणे’. अर्थाने शब्द कळतो, प्रयोगाने त्याची जागा, तीव्रता आणि दिशाही कळते. सोसणाऱ्याच्या बाजूच्या क्रियापदांनाही त्याच वहीत जागा असावी: ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ‘स्पीक अप’ म्हणजे गप्प न राहता बोलणे, ‘स्टँड अप टू’ म्हणजे ताठ उभे राहून तोंड देणे, ‘स्टेप इन’ म्हणजे दुसऱ्याचा अपमान होताना मध्ये पडणे. यांतल्या तिहींत ‘अप’ आहे, आणि पहिल्या यादीत ‘डाउन’ जितक्या वेळा आले त्याला ते उत्तर आहे.

तक्रार मिटते तेव्हा आणखी एका क्रियापदाची गरज लागते. ‘सॉरी’ म्हटल्याने उच्चारलेले शब्द तिथेच राहतात. मराठीत म्हणून ‘मी माझे शब्द मागे घेतो’ असे म्हणण्याची रीत आहे. इंग्रजीतही हुबेहूब तसेच आहे, ‘आय टेक बॅक व्हॉट आय सेड’, आणि सर्वनाम आले तर ते मधल्या जागीच बसते: ‘आय टेक इट बॅक.’ ज्या ‘बॅक’ने कामगाराचे उत्तर उलट ठरवले होते, त्याच ‘बॅक’ने इनचार्जचा ‘तुला काय कळतंय’ परत त्याच्याकडे जातो, आणि तेच दोन हेल्पर आणि तोच केमिस्ट समोर असतील तर हे वाक्य मराठीतच म्हटलेले बरे.